आराखडा कोणाला बांधतो

सकाळी ६.१५

बदलापूर आणि वांगणीच्या मधे, उल्हास नदीच्या काठावर आम्ही चौघं उभे आहोत. मी नगर नियोजनकार; सोबत जलसंपदा विभागाचे शाखा अभियंता, तलाठी आणि गावचे पोलीस पाटील. कागदावर आखलेली पूररेषा जमिनीवर नेमकी कुठून जाते, ते पाहायचं आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नको, निळी आणि लालच्या मधे फार जपून. नियम एवढाच आहे, पण रेषा दहा मीटर इकडे-तिकडे सरकली की कुणाच्या तरी जमिनीची किंमत बदलते. म्हणून ही कामं सकाळी, गर्दी जमायच्या आत केलेली बरी.

पाटलांनी गावठाणातल्या एका घराच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं. "मॅडम, हिथवर पाणी होतं." २०१९ च्या जुलैतली ही खूण. २७ जुलैला याच पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं. देशाने ती चित्रं पाहिली ती रेल्वेमुळे. या भिंतीचं चित्र कुणी घेतलं नव्हतं. अभियंत्यांनी खुणेची पातळी मोजून वहीत लिहिली.

पलीकडच्या काठावर मातीचा भराव दिसतो. नवा आहे, टेकाडासारखा. पाटील विचारतात, "आमच्या बाजूला रेषा पाळायची, आन् त्या बाजूला भराव झाला तर पाणी कुठं जाणार?" इकडेच येणार. पूर पसरायला नदीला ठरावीक जागा लागते. एका काठावर ती कमी केली की दुसऱ्या काठावर पाणी ती जागा घेणार. पण पलीकडचा काठ वेगळ्या हद्दीत येतो. तिथली परवानगी दुसरं कार्यालय देतं, तक्रार तिसऱ्याकडे जाते. भरावाचे अक्षांश-रेखांश मी टिपून घेतले. नदीचं खोरं एक आणि कचेऱ्या अनेक, या एका अडचणीपोटी प्रादेशिक योजना नावाची गोष्ट जन्माला आली.

सकाळी ८.०५

बदलापूरहून लोकल. बसायला मिळण्याचा प्रश्नच नाही. पण मुंबई महानगर प्रदेशाचा खरा नकाशा पाहायचा तर तो इथेच, महिलांच्या डब्यात दाराशी उभं राहून. कुणी वांगणीहून बसून आलेली, कुणी अंबरनाथला चढून घाटकोपरला मेट्रो पकडणारी, कुणी ठाण्याहून पुढे ऐरोलीला जाणारी. यांचं घर एका नगरपालिकेत, नोकरी दुसऱ्या महापालिकेत, मुलांची शाळा तिसरीकडे. नऊ महापालिका आहेत या प्रदेशात. यांच्यातल्या एकीलाही त्यांच्या हद्दी माहीत असण्याचं कारण नाही.

मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३३.४ लाख होती, २०११ मध्ये ती ३०.९ लाखांवर आली. त्याच दहा वर्षांत कुळगाव-बदलापूर ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेलं. मधल्या शहरातून माणसं कमी होतात आणि साठ-सत्तर किलोमीटरवर घरं उभी राहतात, ती घर तिथेच परवडतं म्हणून. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे आजही आमचा पाया २०११ चाच आहे. त्यावरच्या वाढीचा अंदाज आम्ही विजेच्या जोडण्या, मतदार याद्या, उपनगरी तिकिटं आणि उपग्रहाची चित्रं जुळवून बांधतो. वीस वर्षांपुढचं सांगायचं आहे आणि आजची माणसं किती तेच अंदाजाने धरावं लागतं. ही उणीव छोटी नाही.

सकाळी १०.००

कार्यालय ठाण्यात. माझ्या टेबलामागच्या कपाटात तिन्ही प्रादेशिक योजनांचे अहवाल आहेत. नवा मसुदा लिहिताना मी ते रोज काढते. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींनाही आधी तेच वाचायला लावते.

त्यांच्याही मागे जायला हवं. १९४८ मध्ये नानासाहेब मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईसाठी आराखड्याची रूपरेषा मांडली. १९५९ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने सांगितलं की ठाणे खाडीवर पूल बांधा आणि मुंबईची वाढ पलीकडे न्या. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. त्याच सुमारास नेमलेल्या धनंजयराव गाडगीळ समितीने प्रादेशिक नियोजनाचा कायदा हवा असं सांगितलं आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम आला. आम्ही रोज ज्याची कलमं उलटतो तो हाच. एवढी दूरदृष्टी थोड्याच शहरांच्या वाट्याला येते, आणि ती बहुतेक इथल्याच माणसांची होती. मला याचा अभिमान आहे.

मग पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. मुंबईची वाढ आवरायची, कचेऱ्या आणि कारखाने बाहेर न्यायचे, खाडीपलीकडे तोलाचं शहर उभं करायचं. त्या शहरासाठी, म्हणजे आजच्या नवी मुंबईसाठी, सिडको ही कंपनी १९७० मध्येच स्थापन झाली होती. ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. शेतकऱ्यांच्या बाजूने आराखड्याची अंमलबजावणी तात्काळ सुरू झाली, जमीन गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, १९८४ च्या जानेवारीत गोळीबारात पाच माणसं मारली गेली, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

सरकारच्या बाजूने मात्र त्याच आराखड्यातली वचनं निवांत चालली. शहर १९७० चं, आणि मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये. बावीस वर्षं. नोकऱ्या खाडीपलीकडे न्यायच्या होत्या, त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव टाकून मनोरे उठत राहिले. मुंबईहून थेट न्हावा-शेवा बाजूला नेणारा सागरी पूल बोलण्यात कित्येक दशकं होता. अटल सेतू खुला झाला जानेवारी २०२४ मध्ये.

दुसरी योजना १९९६ ते २०११ या काळाची, मंजुरी १९९९ ची. तिसरी २०१६ ते २०३६ ची. मसुदा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मंजुरी २०२१ मध्ये मिळाली. वीस वर्षांतली पाच मंजुरीतच गेली. त्या पाच वर्षांत कल्याण-शीळ रस्त्याला, पनवेलच्या मागे, वसईच्या पूर्वेला जे बांधलं गेलं ते गेलंच.

हे तिन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट ठळक दिसते. प्रत्येकाचे दोन भाग आहेत. एक भाग जमीनवापराचा नकाशा आणि विकास नियंत्रण नियमावली. हा कायदा आहे. तुमच्या सातबाऱ्यावरची जमीन हरित विभागात असेल तर तुम्ही तिथे हवी तशी इमारत बांधू शकत नाही. दुसरा भाग पाणी, रेल्वे, मैलापाणी, घनकचरा, रोजगार यांचा. त्यात काय व्हायला हवं ते तपशिलाने लिहिलेलं असतं, पण ते करायला कोणतंही खातं बांधलेलं नसतं. आराखडा शेतकऱ्याला बांधतो, खात्यांना बांधत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला याहून मोठा दोष या व्यवस्थेत दिसलेला नाही.

सकाळी ११.३०

पाण्याची बैठक. आजच्या दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ.

मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी सात तलावांतून मिळतं. विहार १८६० चा, तानसा १८९२ चा. मोडकसागर हे नाव त्याच नानासाहेब मोडकांचं. शहराचा आराखडा करणाऱ्याच्या नावाने शहराचा तलाव ओळखला जावा, हे मला फार उचित वाटतं. त्यांना पाणी आणि शहर एकत्र पाहता येत होतं. पण भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. डोंगराच्या वरच्या अंगाला वस्ती आणि खाली अडवलेलं पाणी; ते वर उचलायची योजना कुणाच्या कामात बसत नाही.

आजचा विषय उल्हास खोऱ्यातली वाढीची केंद्रं. एका केंद्रात पाच हजार सदनिका धरल्या तर साधारण वीस हजार माणसं. माणशी १३५ लिटर म्हणजे रोज २७ लाख लिटर. त्यातलं ऐंशी टक्के मैलापाणी होऊन परत येणार, म्हणजे साडेएकवीस लाख लिटरच्या वर. हा हिशेब सातवीतलं मूल करील. त्यापुढचा प्रश्न अवघड आहे: पाणी कोणाचं? उल्हास बारमाही वाहते ती भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे आणि बारवी धरणामुळे. त्याच पाण्यावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे आणि औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. वांगणीचं, बदलापूरचं मैलापाणी प्रक्रियेविना नदीत गेलं तर ते खाली मोहिलीला, शहाडला पिण्यासाठी उचललं जातं. वरच्या गावात मैलाशुद्धी केंद्र उशिरा झालं तर त्याची किंमत खालच्या शहरातलं लहान मूल मोजतं, आणि या दोन ठिकाणचे लोकप्रतिनिधी एकमेकांना ओळखतही नसतात.

धरणांचं वेळापत्रकही टेबलावर होतं. माधवराव चितळे समितीचा मुंबईच्या पाण्याविषयीचा अहवाल १९९४ चा. त्यात सुचवलेलं मध्य वैतरणा धरण २०१४ च्या सुमारास पाणी देऊ लागलं. गारगाई आणि पिंजाळ अजून व्हायची आहेत. धरण मनात आल्यापासून नळाला पाणी येईपर्यंत वीस वर्षं; इमारत तीन वर्षांत उभी राहते. सदनिका पाण्याच्या सतरा वर्षं आधी तयार होतात.

मी तक्ता मांडला. प्रत्येक वाढकेंद्रासमोर पाण्याचा स्रोत, आरक्षित साठा, जबाबदार खातं आणि वर्ष. पुढे एक अट: त्या वर्षी पाणी आणि मैलाशुद्धी सुरू झाली नाही, तर तिथल्या परवानग्या तेवढ्याच संख्येवर थांबतील. अध्यक्षांनी तक्ता नीट पाहिला. एका खात्याचे अधिकारी म्हणाले, "तक्ता छान आहे, पण वर्ष लिहू नका. आमच्या निधीचं आम्हालाच माहीत नसतं." त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांच्या हातात अर्थसंकल्प नाही. पण निधी येणार की नाही हे त्यांनाच माहीत नसेल, तर त्या निधीच्या भरवशावर वीस हजार माणसांना तिथे राहायला बोलवायचं कसं? निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

दुपारी १.३०

डबा. नकाशा विभागातल्या दोघी उपग्रहाच्या चित्रावरून खारफुटीची हद्द जुळवत बसल्या होत्या. भाकरी खाता खाता त्यातल्या तीन शंका सोडवल्या.

दुपारी २.३०

मंजूर योजनेतल्या फेरबदलांवरच्या हरकतींची सुनावणी. मसुदा योजनेवर हरकती आणि सूचना द्यायला कायद्याने किमान चार महिने दिले आहेत आणि ते कमी करू नयेत या मताची मी आहे. २०१६ च्या मसुद्यावर एकट्या वसईतून हजारो हरकती आल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीने तिथे आधीच एक पिढी घडवली होती. बागायती आणि गोड्या पाण्याच्या विहिरी गेल्या तर खारं पाणी आत शिरेल, हे तिथल्या म्हाताऱ्या बायासुद्धा नकाशावर बोट ठेवून सांगत. नियोजनाचं शिक्षण असं गावोगाव पोहोचलं, तर आमचं निम्मं काम सोपं होईल.

आज अंबरनाथ तालुक्यातले एक शेतकरी आले होते. धोतर, डोक्यावर टोपी, पिशवीत सातबारा, फेरफार आणि झोन दाखला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली.

"मॅडम, माझी साडेतीन एकर हिरव्यात. शेजाऱ्याची पिवळ्यात. मधी बांध तोच. त्याला बिल्डर कोटीच्या गोष्टी करतोय. माझ्या पोरीच्या लग्नाला मला सावकार शोधावा लागला."

"काका, तुमच्या शेतातून ओढा जातो ना?"

"जातो. म्हणून भात होतो. पन भाताचा भाव तुम्हाला ठाऊक आहे."

"तो ओढा बुजला तर पावसाळ्यात शेजाऱ्याच्या बिल्डिंगीत पाणी शिरेल."

"मंग त्या बिल्डिंगवाल्यानं मला पैशे द्यावे, ओढा राखल्याचे."

खोलीत कुणी काही बोललं नाही. ते जे म्हणाले त्यावर जगभरात ग्रंथ लिहिले गेले आहेत. ओढा मोकळा राहण्याचा फायदा सगळ्या खोऱ्याला मिळतो आणि त्याचा खर्च साडेतीन एकरांचा एकटा मालक सोसतो. हिरवा रंग टिकवायचा असेल तर हा अन्याय आधी मिटवावा लागेल. त्याचं हत्यार आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. १९१५ च्या मुंबई नगर रचना कायद्याने नगर रचना योजना आणली: एका भागातल्या सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, शाळा, मोकळ्या जागा आणि ओढे काढायचे, आणि उरलेली जमीन सगळ्यांना सारख्या प्रमाणात परत द्यायची. ओढा ज्याच्या शेतातून जातो, त्यालाही चौकोनी, रस्त्याला लागून असलेला भूखंड मिळतो. गुजरातने हे हत्यार नेटाने वापरलं. आपण ते बराच काळ कपाटात ठेवलं; आता पनवेलच्या बाजूला, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात अशा योजना होत आहेत, त्यांवरही गावकऱ्यांचे आक्षेप आहेत आणि ते ऐकायला हवेत.

काकांच्या जमिनीचा रंग बदलू नये, पण ती आणि शेजाऱ्याची जमीन एकाच नगर रचना योजनेत घ्यावी, अशी टिपणी मी लिहिली. त्यांना ती वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "कधी होईल?" मी सांगितलं की एवढ्यात नाही, चार-पाच वर्षं लागू शकतात. त्यांनी मान हलवली आणि माझा दूरध्वनी क्रमांक पिशवीतल्या सातबाऱ्याच्या मागे लिहून घेतला. त्यानंतर एका विकासकाचे वास्तुविशारद आले. तयारीनिशी आले होते, नकाशे रंगीत, भाषा नेमकी. त्यांना वेळ जास्त लागला नाही. ज्याला माणूस पाठवणं परवडतं त्याची हरकत नेहमीच नीट मांडलेली असते. म्हणून मी काकांसारख्यांना जास्त वेळ देते.

सायंकाळी ५.१५

मसुद्याचं प्रकरण घेऊन बसले. पाण्याच्या बैठकीनंतर निरोप आला होता: पाण्याच्या वर्षांचा तक्ता नियमावलीतून काढून शिफारशींच्या प्रकरणात घाला. म्हणजे जिथे तो कोणाला बांधणार नाही तिथे.

मी तो शिफारशींत घातला नाही. सोबत टिपणी जोडली. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेला २४३ झेडई हा अनुच्छेद महानगर नियोजन समितीविषयी आहे. पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी विचारात घेणं हे त्या समितीचं काम म्हणून तिथे स्पष्ट लिहिलं आहे, आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या लोकांतून यावे लागतात. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. तेव्हा तक्ता दर दोन वर्षांनी त्या समितीपुढे जाहीरपणे मांडावा, कोणत्या खात्याचं कोणतं वर्ष चुकलं ते नावानिशी छापावं, आणि चुकलेल्या ठिकाणी नव्या परवानग्या थांबाव्यात, एवढं मी लिहिलं. हे मान्य होईल का, हे माझ्या हातात नाही. पण मसुदा माझ्या सहीने वर जाणार आहे, आणि माझ्या सहीच्या वर हा तक्ता असेल.

भरावाचे अक्षांश-रेखांशही पत्रासोबत तिन्ही कार्यालयांना पाठवले. एकाच पत्राच्या तीन प्रती, म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

रात्री ७.४०

परतीची लोकल. कळव्याच्या पुढे शेजारी एक मुलगी, विशीतली, मोबाइलवर सदनिकेचे नकाशे उघडून बसलेली. माझ्या हातातल्या नकाशाच्या नळीवरून तिने ओळखलं.

"ताई, तुम्ही प्लॅनिंगमध्ये आहात का? वांगणीला बुकिंग करतोय आम्ही. आईच्या पीएफमधून. काय बघायचं असतं?"

मी तिला सांगितलं. सजावट केलेली नमुना सदनिका मागाहून बघ. आधी जागेचा झोन दाखला माग, आणि पूररेषेचा नकाशा. मग पाणीपुरवठ्याचं पत्र माग. बांधकाम परवानगीत, नळयोजनेचं पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय विकासक करील, असं वाक्य आहे का ते शोध. ते असेल तर टँकरचं बिल तुमच्या सोसायटीच्या नावाने येणार, आणि किती वर्षं ते कुणी सांगणार नाही. मैलाशुद्धी कुठे होणार, तेही विचार.

तिने पटापट लिहून घेतलं. मग मोबाइलमध्ये शोधून पाण्याचं पत्र उघडलं; विक्री प्रतिनिधीने पाठवलेलं होतं. आम्ही दोघींनी वाचलं. योजना पूर्ण झाल्यानंतर उपलब्धतेनुसार पाणी देण्यात येईल. वर्ष नाही.

"मग घेऊ नको का?"

"वर्ष लिहून देईपर्यंत टोकन देऊ नकोस," मी म्हटलं. "आणि हे पत्र मला पाठव."

अंबरनाथ यायच्या आत पत्र आलं. उद्या अकराला पाण्याच्या तक्त्यात वांगणीच्या ओळीसमोर ते जोडायचं आहे, आणि त्याची एक प्रत वर्ष लिहू नका म्हणणाऱ्या त्या अधिकाऱ्यांनाही द्यायची आहे.